रद्दीतून ग्रंथाकडे : जुन्या पोथ्या आणि टाकाऊ वस्तूंच्या पुनर्जीवनाची चिकित्सा
(सौंसर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वापरून झालेल्या, कोणालाही नको असलेल्या कागदाला मराठीत 'रद्दी' म्हणतात. हा शब्द अरबी 'रद्द' वरून आला असून परत करणे, नाकारणे असा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे कागद आपोआप रद्दी होत नाही. कोणीतरी त्याला नाकारल्यावर तो रद्दी होतो. कागदाच्या व्यवहारातील इतर मराठी शब्दही अरबी-फारसीतूनच आलेले आहेत. कागद, कलम, दौत, शाई, जिल्द, दप्तर आणि जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवतात तो रुमाल, हे सर्व शब्द मराठी माणसाने इतके आपलेसे केले आहेत की त्यांचे मूळ शोधण्याची गरज त्याला कधी भासली नाही.

नाकारलेल्या ग्रंथांना आणि वस्तूंना पुन्हा उपयोगात आणणाऱ्यांची एक मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. या परंपरेचा आजवर बहुधा गौरवच झाला. अडगळीतून पोथी बाहेर काढणारा संशोधक वंदनीय आहेच. परंतु पोथी बाहेर काढल्यानंतर तिचे काय झाले, हा प्रश्न गौरवाच्या भरात मागे पडतो. प्रस्तुत लेखात या परंपरेतील काही महत्त्वाच्या कार्यांची तीन कसोट्यांवर चिकित्सा केली आहे. पहिली, वस्तू किंवा ग्रंथ कोठून व कोणाकडून आला याची नोंद राहिली काय? दुसरी, तो पुन्हा वापरात आला की केवळ जपला गेला? तिसरी, त्याला दुसरा जन्म देताना कोणते नाव देण्यात आले? या कसोट्यांच्या आधारे शेवटी मध्य प्रदेशातील सौंसर या मराठीभाषक सीमाभागासमोर कोणते काम उभे आहे, याचा विचार केला आहे.

कागदाचा पूर्वजन्म

ग्रंथाच्या दुसऱ्या जन्माचा विचार करताना त्याच्या पहिल्या जन्माकडेही पाहिले पाहिजे. गिरणीचा कागद येण्यापूर्वी मराठी पोथ्या हातकागदावर लिहिल्या जात. दौलताबाद आणि जुन्नर ही या कागदाची दख्खनमधील प्रसिद्ध केंद्रे होती. दौलताबाद-खुलताबाद मार्गावरील कागजीपुरा या गावाचे नावच त्या धंद्यावरून पडले. तेथील कागदी कारागीर मुसलमान होते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, त्या वेळी हे कारागीर दक्षिणेत आले अशी परंपरा सांगितली जाते.

या कारागिरांचा कच्चा माल पाहण्यासारखा आहे. जुने कापड, चिंध्या, तुटलेले दोर, तागाची फाटकी पोती आणि वापरलेला कागद यांपासून नवा कागद होत असे. हा माल चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, कुटायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा आणि त्याचा लगदा हौदात कालवायचा. मग चाळणीसारख्या साच्यावर त्याचा पातळ थर उचलायचा, तो ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, असा हा क्रम होता. घोटलेल्या कागदावर बोरूने शाई न पसरता लिहिता येई.

म्हणजे ओवीबद्ध ग्रंथांच्या अनेक पोथ्या ज्यावर उतरल्या, तो कागद कोणाच्या तरी फाटक्या वस्त्राचा आणि झिजलेल्या दोराचा दुसरा जन्म होता. पोथीच्या शेवटी लेखनकाराचे नाव, शक आणि स्थळ येते. कागद करणाऱ्याचे नाव येत नाही. 'हिंदू-मुस्लिम समन्वय' हा विषय अभ्यासक बहुधा संतांच्या वचनांत शोधतात. तो पोथीच्या पानातच एकजीव होऊन बसला आहे, इकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. पहिल्या कसोटीवर पाहिले तर आपली परंपरा येथेच उणी पडते. शब्दाच्या कर्त्याची नोंद झाली, कागदाच्या कर्त्याची झाली नाही.

अनादर आणि अतिआदर

जुने ग्रंथ कशामुळे नाहीसे होतात? वारसांची उपेक्षा, वाळवी, ओल, किराणा दुकानातील पुड्या ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ग्रंथ अनादराने जसे जातात तसेच अतिआदरानेही जातात. जीर्ण झालेली पोथी नदीत विसर्जित करण्याची चाल हिंदू घरांत आहे. मुसलमान घरांत कुरआन शरीफची जीर्ण प्रत 'शहीद झाली' असे म्हणतात. ती स्वच्छ कापडात गुंडाळून पायदळी येणार नाही अशा जागी दफन करतात किंवा पाण्याच्या स्वाधीन करतात. दोन्ही चालींमागील भाव एकच आहे. पवित्र अक्षराची विटंबना होऊ नये, हा तो भाव होय, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

मात्र या अदबीच्या पोटात एक अडचण आहे. कपाटातून जीर्ण कागदांचा गठ्ठा निघाला आणि त्यावरील लिपी घरातील कोणालाही वाचता आली नाही, तर सर्वच कागद पवित्र समजून एकत्र दफन किंवा विसर्जित होतात. त्यात आयती असलेले पान असते, तसा एखादा हिशेब, निकाहनामा, वैद्यकीय नुस्खा किंवा कवितेचे बाडही असू शकते. वाचता न येणे हेच येथे विनाशाचे कारण ठरते.

अदब आणि जतन यांचा मेळ घालता येतो, याची उदाहरणे इस्लामी जगात आहेत. १९७२ साली येमेनमधील सना येथील जामा मशिदीची दुरुस्ती चालू असताना छताच्या पोकळीत चर्मपत्रांचा आणि कागदांचा मोठा साठा सापडला. जीर्ण झालेली कुरआनची पाने कोण्या काळी तेथे आदराने ठेवून दिली होती. त्यांतील काही पानांवर आधीचा मजकूर पुसून त्यावर नवा मजकूर लिहिलेला होता. इस्लामच्या पहिल्या शतकातील लेखनाच्या अभ्यासाला या साठ्याने मोठे साहाय्य केले. पाकिस्तानात क्वेट्टाजवळ 'जबल-ए-नूर-उल-कुरआन' या ठिकाणी डोंगरातील बोगद्यांत जीर्ण प्रती ठेवण्याचे काम १९९२ पासून सुरू झाले. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधील 'गेनिझा' म्हणजे ज्यू परंपरेतील अशीच कागदांची कोठी होय. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेक्टर यांनी तेथील कागद केंब्रिजला नेले. त्या कोठीत धर्मग्रंथांच्या जोडीला व्यापाऱ्यांची पत्रे, करारनामे आणि हिशेबही होते. मध्ययुगीन भूमध्य प्रदेशातील आणि भारताशी चालणाऱ्या व्यापाराचा इतिहास त्यांतून लिहिता आला. अक्षराबद्दलच्या आदरामुळे हिशेबाचा कागद वाचला, हे या उदाहरणाचे मर्म आहे. आपल्याकडे मात्र त्याच आदरापोटी तो पाण्यात जातो.

राजवाडे : संग्रह आणि हानी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) यांचे नाव या विषयात अग्रक्रमाने येते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि मालेचे एकूण २२ खंड झाले. वाड्यांच्या माळवदांवर, देवळांच्या कोनाड्यांत आणि वारसांच्या पेट्यांत पडलेले कागद मिळवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. त्यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ च्या आरंभी, धुळे येथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांच्या संग्रहाला घर मिळाले.

पहिल्या कसोटीवर राजवाडे उतरतात. कागद कोणत्या घराण्याकडून आले, कोणत्या अवस्थेत मिळाले हे त्यांच्या प्रस्तावनांतून कळते. तथापि त्यांच्याच कार्यात एक धडाही आहे. एका जुन्या पोथीच्या आधारे त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता प्रसिद्ध केली. ही संहिता पुढे पाठचिकित्सेच्या चर्चेत सतत राहिली. पण मूळ पोथी मात्र नंतरच्या अभ्यासकांना तपासावयास मिळाली नाही. छापील संहितेच्या रूपाने ग्रंथ जगला आणि ज्या पोथीमुळे तो जगला, ती पोथी गेली. मुद्रणदोष कोणता, संपादकाचे अनुमान कोणते आणि पोथीचा पाठ कोणता, हे ठरवण्याचे साधन त्यामुळे उरले नाही. पुनर्जीवन एका व्यक्तीच्या हाती राहिले की असा धोका संभवतो. मूळ आणि नक्कल ही दोन्ही निरनिराळ्या ठिकाणी राहणे, हा जतनाचा पहिला नियम यातून निघतो.

केळकर संग्रहालय : वस्तू आणि कारागीर

ग्रंथांकडून वस्तूंकडे वळले की पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय समोर येते. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमवावयास प्रारंभ केला. अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे, करंडे, अंग घासण्याच्या वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा २० हजारांवर वस्तूंचा हा संग्रह बालवयात वारलेल्या त्यांच्या राजा या मुलाच्या नावाने उभा आहे. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे भाग आणून ते दालन पुन्हा उभे केले, तेही याच संग्रहालयात आहे.

या संग्रहाचे थोरपण असे की त्याने राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकाच मान स्वयंपाकघरातील भांड्याला दिला. मोडीत जाणारा पितळी दिवा वितळण्यापासून वाचला आणि कारागिराच्या हाताची करामत लोकांना दिसली. परंतु दुसऱ्या कसोटीवर संग्रहालय या संस्थेची मर्यादा उघड होते. काचेमागे गेलेला अडकित्ता सुपारी कातरत नाही. तो दिसतो, त्याचा वापर संपतो. यात केळकरांचा दोष नाही. जे मोडीत निघाले होते तेच त्यांनी उचलले.

वापर चालू ठेवून वस्तूला दुसरा जन्म देणारे लोक समाजात वेगळेच होते, आणि त्यांपैकी कितीतरी मुसलमान कारागीर जातींचे होते. पिंजारी दारी येई, गादीतील दबून गेलेला कापूस काढी, पिंजणीच्या तातेवर तो फुलवी आणि त्याच कापसाची गादी पुन्हा भरून देई. कल्हईवाला भात्याने विस्तव फुलवून तापल्या भांड्यावर नवसागर टाकी, कथील फिरवी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात पुन्हा अन्न शिजवता येई. जिल्दसाज सुटलेली पाने शिवून पुस्तकाला नवा पुठ्ठा चढवी. बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडे देई. घरातील बाई त्यातलेच एखादे मऊ लुगडे राखून ठेवी आणि त्याची गोधडी शिवी. यांपैकी कोणीही स्वतःला जतन करणारा म्हणवून घेतले नाही. पुढे फोमच्या गाद्या आल्या, स्टीलची भांडी आली, आणि दुरुस्त करण्यापेक्षा नवे घेणे स्वस्त पडू लागले. तेव्हा वस्तूंबरोबर हे धंदेही अडगळीत गेले. संग्रहालयात कल्हई केलेले पातेले ठेवता येते. विस्तव कितपत लाल असावा, कथील कोणत्या क्षणी लावावे हे कारागिराच्या हातातील ज्ञान मात्र ठेवता येत नाही. ते त्याच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावे लागते. वस्तूंच्या पुनर्जीवनाची चर्चा करणाऱ्या मराठी लेखनात या ज्ञानाची नोंद अपुरी आहे, हे मान्य केले पाहिजे.

'मुसलमान मराठी संतकवी' : नावाचा प्रश्न

तिसरी कसोटी नावाची आहे, आणि तिच्यासाठी डॉ. रा. चिं. ढेरे (१९३०-२०१६) यांचा 'मुसलमान मराठी संतकवी' (१९६७) हा ग्रंथ सर्वांत योग्य ठरतो. शाह मुंतोजी ब्रह्मणी ऊर्फ मृत्युंजय, श्रीगोंद्याचे शेख महंमद, भगवद्गीतेवर मराठी टीका लिहिणारे हुसेन अंबरखान, 'सिद्धांतबोध'कार शहामुनी अशा कवींचा परिचय त्यात एकत्र येतो. त्यांपैकी कित्येकांची नावे तोवर वाङ्मयेतिहासाच्या तळटीपांत आणि मठांच्या बाडांतच राहिली होती. ढेरे यांनी त्यांच्या रचना, गुरुपरंपरा आणि आख्यायिका शोधून सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडल्या. त्याआधी वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांचा 'योगसंग्राम' १९५९ मध्ये आणि त्यांची कविता १९६१ मध्ये संपादून प्रसिद्ध केली होती. १६४५ च्या सुमारास लिहिलेल्या, १८ प्रसंगांच्या या ओवीग्रंथाला अभ्यासू वाचक मिळाला तो मुख्यतः बेंद्रे आणि ढेरे यांच्यामुळे. हे ऋण मोठे आहे.

आता ग्रंथाच्या शीर्षकाकडे पाहू. या कवींना एकत्र बांधणारा धागा कोणता? त्यांचे काळ भिन्न आहेत, प्रदेश भिन्न आहेत, गुरुपरंपरा भिन्न आहेत. कोणी गीतेचा टीकाकार आहे, कोणी योगमार्गाचा उपदेशक, कोणी पंथोपपंथांचा समाचार घेणारा. त्यांचा समान धागा जन्माचा आहे. १९६७ साली असे शीर्षक देणे आवश्यक होते, कारण त्याशिवाय या कवींकडे कोणी वळूनही पाहिले नसते. मात्र या नावाने त्यांना दुसरा जन्म देताच त्यांच्यासमोर एकच प्रश्न उभा राहिला : मुसलमान असून यांनी असे कसे लिहिले? ओवीची घडण, रूपकांची निवड, बोलीचा वापर, युक्तिवादाची रीत हे जे प्रश्न ज्ञानेश्वर-एकनाथांना विचारले जातात, ते शेख महंमदांना क्वचितच विचारले गेले.

एक उदाहरण पुरेसे आहे. परंपरेनुसार दौलताबादचे चांद बोधले हे शेख महंमदांचे गुरू. तेच एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू मानले जातात. म्हणजे संतकवींची मांडणी जन्माऐवजी गुरुपरंपरेने केली, तर जनार्दनस्वामी आणि शेख महंमद गुरुबंधू ठरतात आणि शेख महंमदांचे पान एकनाथांच्या पानाला लागून येते. मग 'योगसंग्राम' हा मराठी साहित्यातील अपवाद न राहता दौलताबादच्या एका विचारपरंपरेची दुसरी शाखा म्हणून वाचावा लागेल. स्वतः ढेरे यांना हा संबंध ठाऊक होता. दत्त संप्रदायावरील त्यांच्या लेखनात सूफी आणि दत्तपरंपरेच्या या सांध्यावर त्यांनी विस्ताराने लिहिले आहे. पण पुढील पाठ्यपुस्तके आणि व्याख्याने यांनी ढेरे यांचे विवेचन बाजूला ठेवून केवळ शीर्षक उचलले. परिणामी हे कवी 'राष्ट्रीय एकात्मता' या विषयाच्या निबंधात भेटतात. 'प्राचीन मराठी ओवी' या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत सहसा भेटत नाहीत. अडगळीच्या खोलीतून काढून त्यांना पाहुण्यांच्या खोलीत बसवले गेले. घरातल्या माणसांच्या पंगतीत त्यांचे पान अजून मांडलेले नाही.

या उपेक्षेत मुस्लिम समाजाचाही वाटा आहे, हे सांगणे या ठिकाणी आवश्यक वाटते. उर्दू माध्यमात शिकलेल्या पिढ्यांना हे कवी लिपीमुळे दूर राहिले आणि त्यांच्या रचनांतील हिंदू देवतांच्या उल्लेखांमुळे काहींना ते परके वाटले. धर्मविचाराच्या दृष्टीने कोणाचे मतभेद असतील तर ते मांडावेत. परंतु मतभेद मांडण्यासाठीही ग्रंथ वाचावा लागतो. न वाचता बाजूला ठेवणे म्हणजे पुन्हा 'रद्द' करणेच होय.

उलट दिशेचे कार्य

ढेरे यांच्या कार्याशेजारी डॉ. यू. म. पठाण यांचे कार्य ठेवून पाहिले, तर वरील प्रश्नाचे उत्तर काही अंशी मिळते. १९३० साली जन्मलेल्या पठाण यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय मराठी बखरींतील फारसीचे स्वरूप हा होता. पुढे औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी महानुभाव पंथाच्या पोथ्यांच्या संशोधनाला वाहून घेतले. १९९० साली पुण्यात भरलेल्या ६३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

महानुभाव वाङ्मय हे स्वतःच पुनर्जीवनाचे उदाहरण आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत नाहीशी झाली. नंतर अनुयायांनी आठवणींच्या आधारे ती पुन्हा उभी केली आणि म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले. पुढे हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाला, तेव्हा मराठी गद्याचा आरंभ कित्येक शतके मागे गेला. ज्या फौजांच्या नावाने ही हानी सांगितली जाते, त्यांच्याच धर्माचा एक अभ्यासक सातशे वर्षांनंतर या पोथ्यांपुढे बसून पाठभेद लावतो, याला भावनिक अर्थ देण्याची गरज नाही. पठाण यांच्याकडे कोणी 'मुसलमान महानुभाव-अभ्यासक' म्हणून पाहत नाही. महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक म्हणूनच पाहतात. संशोधकाला जे मिळाले ते कवींनाही मिळावे, एवढीच अपेक्षा आहे. फारसी जाणणारा बखर वाचतो तेव्हा त्याला इतरांना न दिसणारे दिसते, हा पठाण यांच्या प्रबंधाचा धडा आहे. पोथीला वाचणारा कोणत्या घरचा आहे यापेक्षा त्याला कोणकोणत्या लिप्या आणि भाषा येतात, याला संशोधनात अधिक मोल आहे.

सौंसरचा संदर्भ

या सर्व विवेचनाची खरी परीक्षा पुण्या-औरंगाबादेत होणार नाही. ती सौंसरसारख्या गावी होईल. सौंसर आणि पांढुर्णा हा कापूस-संत्र्यांचा, मराठी बोलणारा प्रदेश आहे. तो पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर सौंसर त्यात आले. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आणि नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर मात्र भोपाळकडे राहिले. घरातील बोली तीच राहिली, कचेरीची भाषा बदलली.

या भूमीवर राजवटींचे अनेक थर आहेत. देवगडच्या गोंड राजांपैकी बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या दरबारी इस्लामचा स्वीकार केला आणि पुढे नागपूर शहर वसवले. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांची मोडी दप्तरे आली, १८५३ नंतर इंग्रजी अंमल आला. त्याच छिंदवाड्यात १९१५ पासून १९१९ पर्यंत मौलाना महंमद अली आणि शौकत अली हे बंधू नजरकैदेत होते. अशा प्रदेशातील एखाद्या जुन्या पेटीत मोडी, फारसी-उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा चार लिप्यांतील कागद शेजारी शेजारी निघणे स्वाभाविक आहे. आणि त्या चारही लिप्या वाचणारा एकही माणूस त्या घरात नसणे हेही तितकेच स्वाभाविक आहे. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून गेली. उर्दू काही घरांपुरती उरली. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला देवनागरी वाचता येते. पण आजोबांच्या वहीतील मराठी त्याला अभ्यासाची भाषा वाटत नाही. येथे ग्रंथ रद्दी होतो तो माणसांच्या दुष्टाव्याने नव्हे. सीमारेषा सरकल्याने होतो.

शासकीय योजनांकडून यातील किती वाचेल? राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मिशनची घोषणा होऊन एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद व जतन करण्याचा संकल्प सोडण्यात आला. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण पांडुलिपी मिशनच्या व्याख्येनुसार हस्तलिखित किमान ७५ वर्षांचे असावे लागते आणि शिळाछाप व मुद्रित पुस्तके त्यात मोडत नाहीत. ही व्याख्या संशोधनाच्या सोयीची असली तरी तिच्या बाहेर बरेच काही उरते. एकोणिसाव्या शतकातील उर्दू पुस्तके मोठ्या प्रमाणात शिळाछाप होती, अनेक मराठी पोथ्याही तशाच छापल्या गेल्या. साठ वर्षांपूर्वीची भजनांची वही, मौलूदची वही, कापसाच्या व्यापाऱ्याची चोपडी, शाळेचे हजेरीपुस्तक, जुने क्रमिक पुस्तक यांनाही व्याख्येत जागा नाही. छोट्या गावाचा इतिहास तर याच कागदांत असतो. जे योजनेत बसत नाही, त्याची जबाबदारी स्थानिक शिक्षणसंस्थांवर येते.

हे काम फार खर्चाचे नाही. कागद घरमालकाकडेच राहू द्यावेत. त्यांची छायाचित्रे घेऊन एक संच शाळेत आणि एक दुसऱ्या गावी ठेवावा. प्रत्येक नगाबरोबर तो कोणाच्या घरी, कोणत्या पेटीत, कशाशेजारी मिळाला याची नोंद करावी; नोंद करताना घराच्या इच्छेप्रमाणे नाव द्यावे किंवा राखावे. पवित्र मजकूर आणि इतर कागद जाणकाराकडून आधी वेगळे करून घ्यावेत, म्हणजे अदबही राहील आणि हिशेबाचा कागदही वाचेल. किडीपासून रक्षणासाठी कडुनिंबाचा पाला आणि वेखंड वापरण्याची घरगुती रीत होतीच. अरबी-फारसी हस्तलिखितांवर किडीपासून रक्षण व्हावे म्हणून 'या कबीकज' असे लिहिण्याचा प्रघात होता. अशी अक्षरे एखाद्या पानावर दिसली तर ती ताईत समजून फाडू नयेत; तो ग्रंथाच्या वयाचा आणि वापराचा पुरावा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उर्दू जाणणारे शिक्षक, मराठी जाणणारे शिक्षक आणि मोडी शिकू इच्छिणारे विद्यार्थी यांनी एकाच टेबलाशी बसावे. चार लिप्यांच्या पेटीला चार वाचक एकत्र बसवणे, एवढाच उपाय आहे.

कागदांसोबत कारागिरांच्या मुलाखतीही व्हाव्यात. कापसाच्या या पट्ट्यात पिंजाऱ्याच्या हत्याराच्या प्रत्येक भागाला काय म्हणतात, जुना कापूस किती वेळा पिंजता येतो, कोणता टाकावा लागतो हे सांगणारी माणसे आहेत तोवर ते लिहून घेतले पाहिजे. हा मजकूर कोणत्याही पोथीत मिळणार नाही.

निष्कर्ष

वरील चिकित्सेतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पोथी शोधणे हे कामाचे पहिले पाऊल आहे. मूळ आणि नक्कल दोन्ही टिकवल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, हे राजवाडे यांच्या ज्ञानेश्वरीच्या पोथीवरून कळते. वस्तू जपली तरी तिच्यामागील हातांचे ज्ञान वेगळे नोंदवावे लागते, हे केळकर संग्रहालयापुढे उभे राहिले की जाणवते. ढेरे यांच्या ग्रंथाने विस्मृतीत गेलेल्या कवींना वाचक दिले. पण नंतरच्यांनी केवळ त्याच्या शीर्षकावर समाधान मानल्याने हे कवी मराठी काव्याच्या मुख्य विचारात अद्याप आलेले नाहीत. 'योगसंग्राम' एकनाथांच्या ग्रंथांशेजारी ठेवून ओवीच्या अंगाने वाचणे, हे विद्यापीठीय अभ्यासाचे राहिलेले काम आहे.

सौंसरसारख्या सीमाभागात तर वेळ थोडा आहे. तेथील पेट्यांतील कागद हिंदूंचे की मुसलमानांचे, मराठीचे की उर्दूचे, महाराष्ट्राचे की मध्य प्रदेशाचे या वादात ते कोणाचेच न राहण्याचा संभव आहे. मुस्लिम शिक्षणसंस्थांनी केवळ उर्दूचे आणि मुसलमान नावांचेच कागद शोधू नयेत. मोडीतील भोसलेकालीन पावती आणि वारकऱ्याच्या घरची भजनवहीही तितक्याच आस्थेने वाचावी. इतर संस्थांनीही शिळाछाप उर्दू पुस्तक परके समजून बाजूला सारू नये. कागजीपुऱ्याच्या कारागिराने हौदात चिंध्या टाकताना कोणती चिंधी कोणाच्या घरची, हे विचारले नव्हते. त्याने ती नीट धुतली आणि तिच्यावर लिहिता येईल असा कागद केला.